किक नेमकी संपली कधी?

अमेरिकेतल्या हायस्कूल फुटबॉलमध्ये शुक्रवारी रात्री पंच म्हणून मैदानात उतरल्यावर मला सर्वांत जास्त सावध राहावे लागते ते चौथ्या डाऊनला (डाऊन म्हणजे एक खेळी; दहा यार्ड पुढे जाण्यासाठी संघाला चार मिळतात, आणि ते अंतर गाठले की पुन्हा ‘पहिला डाऊन’), पंट, म्हणजे हातातून सोडलेला चेंडू लाथेने दूर मारण्यासाठी संघ रचना करून उभा राहिला की. धावण्याच्या किंवा पासच्या खेळीत चेंडू कोणाचा आहे याविषयी फारसा संभ्रम नसतो. फाउल दिसला की फ्लॅग टाकायचा, आणि दंड कोठून मोजायचा हे बहुतेक वेळा उघडच असते. किकच्या खेळीत मात्र एकाच डाऊनमध्ये चेंडू आधी एका संघाचा असतो, मग काही सेकंद कोणाचाच नसतो आणि शेवटी बहुधा दुसऱ्या संघाचा होतो. फाउल या तीनपैकी कोणत्या टप्प्यात घडला त्यावर दंडाचे यार्ड कोठून मोजायचे, डाऊन पुन्हा खेळायचा की नाही आणि पुढचा चेंडू कोणाला द्यायचा, हे सगळे ठरते. म्हणून किकच्या खेळीत पंचाला फाउल ओळखता येणे पुरेसे नाही. त्या क्षणी किक चालू होती की संपली होती हेही त्याला खात्रीने सांगता यायला हवे. प्रेक्षकांची आणि कधी कधी प्रशिक्षकांचीही जी नाराजी ओढवते, ती फाउलच्या निर्णयापेक्षा या दुसऱ्या भागामुळेच जास्त ओढवते असे माझे निरीक्षण आहे, आणि त्याच भागाबद्दल येथे सविस्तर लिहावेसे वाटते.

पार्श्वभूमी थोडक्यात सांगतो. बहुतेक राज्यांतले हायस्कूल सामने नॅशनल फेडरेशन ऑफ स्टेट हायस्कूल असोसिएशन्स या संस्थेच्या नियमपुस्तकाप्रमाणे खेळले जातात. टेक्साससारखे राज्य कॉलेजचे नियम थोड्या फेरफाराने वापरते, पण मी जे लिहितो आहे ते फेडरेशनच्या नियमांविषयी आहे. या पुस्तकात किक मारणाऱ्या संघाला ‘के’ आणि किक घेणाऱ्या संघाला ‘आर’ म्हणतात. किकचे दोन मुख्य वर्ग आहेत. सामन्याच्या किंवा अर्धाच्या सुरुवातीला, गुण झाल्यावर आणि सेफ्टीनंतर (संघ स्वतःच्याच गोलरेषेमागे चेंडूसह पकडला गेल्यावर) मारली जाते ती फ्री किक. स्नॅप होऊन, म्हणजे जमिनीवरचा चेंडू पायांमधून मागे देऊन खेळी सुरू झाल्यावर मारला जाणारा पंट, फील्ड गोल (गोलच्या खांबांमधून मारून गुण मिळवण्याची किक) किंवा टचडाऊननंतरच्या ट्रायची, म्हणजे जादा गुणासाठीच्या प्रयत्नाची किक या स्क्रिमेज किक. दोन्ही वर्गांत एक गोष्ट समान आहे. चेंडूला पाय लागला की किक सुरू होते, आणि कोणीतरी चेंडू ताब्यात घेतला किंवा चेंडू मृत झाला की ती संपते. नुसता स्पर्श झाल्याने किक संपत नाही. आरच्या खेळाडूच्या हातांवर आदळून चेंडू जमिनीवर निसटला, चार जणांच्या पायांत घरंगळला, तरी जोवर कोणी तो घट्ट पकडत नाही तोवर नियमाच्या दृष्टीने किक चालूच असते. प्रेक्षकांना ही गोष्ट पटत नाही, कारण त्यांच्या लेखी झेल सुटला त्याच क्षणी किकचे प्रकरण मिटलेले असते.

पाच पंचांच्या चमूत माझे काम बॅक जजचे. पंटच्या वेळी मी किक घेणाऱ्या खेळाडूच्या बाजूला, त्याच्यापासून काही यार्ड अंतरावर उभा असतो, आणि माझ्या हातात बीन बॅग असते. चेंडू हवेत गेला की मी त्याच्या मागे नजर लावत नाही. झेलणाऱ्या मुलाच्या पायांवरून आणि मानेवरून चेंडू कोठे येतो आहे ते कळते. तो स्थिर उभा असेल तर चेंडू थेट त्याच्याकडे येत आहे. तो मागे सरकू लागला तर किक लांब गेली आहे. त्याने एकदम मान फिरवून बाजूच्या सहकाऱ्यांना दूर होण्यासाठी ओरडून सांगितले तर चेंडू आखूड पडणार आहे. माझे डोळे मात्र त्याच्यावर आणि त्याच्या दिशेने धावत येणाऱ्या के संघाच्या खेळाडूंवर असले पाहिजेत, कारण फाउल तेथे घडतात. चेंडू त्याच्या छातीशी विसावला त्या ठिकाणी बीन बॅग टाकायची. पुढे तो चाळीस यार्ड धावला, दोनदा दिशा बदलली, गर्दी झाली, तरी किक जेथे संपली ती जागा त्या छोट्या पिशवीने मैदानावर धरून ठेवलेली असते. या पिशवीचे महत्त्व किती, ते कळण्यासाठी पोस्ट स्क्रिमेज किक हा नियम समजून घ्यावा लागतो.

हा नियम फेडरेशनने २००३ साली आणला. त्याआधी काय होत असे ते एका उदाहरणावरून पाहू. के संघ स्वतःच्या ४० यार्ड रेषेवर आहे (रेषा त्या संघाच्या गोलरेषेपासून मोजतात, ५० म्हणजे मैदानाचा मध्य), चौथा डाऊन आणि ८ यार्ड मिळवायचे आहेत. पंट होतो. चेंडू हवेत असताना मैदानाच्या मध्याजवळ आरचा एक खेळाडू के संघाच्या धावत येणाऱ्या गनरची (झेलणाऱ्याला गाठायला सर्वांत आधी पळणाऱ्या खेळाडूची) जर्सी ओढून त्याला धरून ठेवतो. होल्डिंगचा दंड १० यार्ड. किक अजून चालू आहे, म्हणजे चेंडू कोणाच्याच ताब्यात नाही, आणि अशा सुट्या चेंडूच्या खेळीत दंड सर्वसाधारणपणे जेथून स्नॅप झाला त्या जागेवरून मोजतात. ४० वरून १० यार्ड पुढे गेले की के संघ ५० वर पोहोचतो, त्याला हवे होते आठच, त्यामुळे त्याला नवा पहिला डाऊन मिळतो. ज्या संघाने चेंडू सोडून देण्याचे ठरवले होते, त्याच संघाच्या हाती चेंडू परत आला, आणि तोही किकशी फारसा संबंध नसलेल्या, किक घेणाऱ्यापासून कितीतरी दूर घडलेल्या एका ओढाताणीमुळे. ही शिक्षा अपराधाच्या मानाने फार मोठी होती, आणि ती बदलली हे योग्यच झाले.

आताच्या नियमानुसार याच फाउलचा दंड किक जेथे संपली तेथून मोजायचा असतो. समजा, आरच्या खेळाडूने चेंडू आपल्या २५ यार्ड रेषेवर झेलला आणि ४० पर्यंत धाव घेतली. होल्डिंग किक हवेत असताना झाले होते, म्हणून धाव रद्द होते, २५ वरून १० यार्ड मागे, आणि आर संघ आपल्या १५ वरून पहिला डाऊन सुरू करतो. फाउल किक संपल्याच्या जागेच्याही मागे, म्हणजे आरच्या स्वतःच्या गोलरेषेच्या अधिक जवळ घडला असेल, तर मात्र दंड फाउलच्या जागेवरून लागतो. तोच झेल २५ वर आहे, पण चेंडू हवेत असताना १८ वर कोणी पाठीमागून ब्लॉक केला, म्हणजे धक्का देऊन अडवले, तर १८ वरून मोजायचे. येथे आणखी एक नियम आडवा येतो: दंडाचे अंतर गोलरेषेपर्यंतच्या अंतराच्या निम्म्याहून जास्त असू शकत नाही. १० यार्ड हे १८ च्या निम्म्यापेक्षा जास्त, म्हणून चेंडू ९ वर ठेवायचा. किक आरच्या गोलरेषेपलीकडच्या शेवटच्या क्षेत्रात जाऊन चेंडू तेथेच मृत झाला, म्हणजे टचबॅक झाला असेल, तर किक संपल्याची जागा म्हणून आरची २० यार्ड रेषा धरतात.

आता तोच पाठीमागचा ब्लॉक झेल घेतल्यानंतर, धावणे सुरू असताना, ३३ वर झाला असे समजा. किक संपलेली आहे, चेंडू आरच्या ताब्यात आहे, ही साधी धावण्याची खेळी झाली. धाव ४० वर संपली, फाउल त्याच्या मागे ३३ वर घडला, म्हणून ३३ वरून १० मागे, चेंडू २३ वर. तोच ब्लॉक त्याच ३३ वर, पण अर्धा सेकंद आधी, म्हणजे चेंडू अजून हवेत असताना झाला असता तर चेंडू १५ वर गेला असता. एकच खेळाडू, तोच धक्का, तीच जागा, आणि निकालात आठ यार्डांचा फरक. म्हणून आमच्या चमूत फ्लॅग टाकणाऱ्या पंचाने रेफरीला, म्हणजे मुख्य पंचाला, फाउलचे नाव, संघ आणि खेळाडूचा क्रमांक सांगितला की त्याच दमात ‘किक संपण्याआधी’ किंवा ‘किक संपल्यावर’ हे सांगितलेच पाहिजे असा आमचा शिरस्ता आहे. एवढे शब्द राहिले तर रेफरीच्या हातात फक्त निम्मी माहिती येते. आणि फ्लॅग टाकणाऱ्याने झेल पाहिलेला नसतोच, तो आपल्या समोरच्या ब्लॉककडे पाहत असतो, त्यामुळे त्याला माझ्या बीन बॅगची आणि माझ्या शब्दाची गरज लागते. दोघांच्या घड्याळांची जुळणी व्हावी तसे हे असते.

या नियमाच्या अटी काटेकोर आहेत आणि त्या सर्व एकाच वेळी पूर्ण व्हाव्या लागतात. किक स्क्रिमेज किक असली पाहिजे. फ्री किकला हा नियम नाही. ट्रायची किक किंवा यशस्वी फील्ड गोल यांनाही तो नाही. चेंडू विस्तारित न्यूट्रल झोन, म्हणजे दोन संघांच्या रेषांमधला पट्टा, ओलांडून गेला पाहिजे. हा पट्टा बचावाच्या रेषेपलीकडे जास्तीत जास्त दोन यार्ड जातो. फाउलही त्या पट्ट्यापलीकडे आणि किक संपण्यापूर्वी घडला पाहिजे. आणि शेवटची अट ही की पुढचा चेंडू के संघाकडे जाणार नसला पाहिजे. ही शेवटची अट मला सर्वांत अर्थपूर्ण वाटते, कारण नियमाचा सगळा हेतू तिच्यात आहे. किकने चेंडू खरोखरच दुसऱ्या संघाला दिला असेल, तर दंड त्या संघाच्या नव्या सुरुवातीला लागू करा. दिलाच नसेल, तर जुना हिशेब पुढे चालू ठेवा. पंट अडवला गेला, चेंडू रेषेमागेच पडला आणि आरने तेवढ्यात कोठेतरी होल्डिंग केले, तर किक पट्टा ओलांडून गेलीच नाही. दंड पुन्हा स्नॅपच्या जागेवरूनच मोजायचा. चौथ्या डाऊनला ८ यार्ड हवे असताना १० यार्डांचा दंड मिळाला की पहिला डाऊन ठरलेला. अशा वेळी आरच्या बाकांवरून हमखास ओरड होते की त्या दुसऱ्या सामन्यात तर आम्हाला चेंडू मिळाला होता! मिळाला होता हे खरे असते, पण त्या सामन्यात किक पट्टा ओलांडून गेलेली असते.

किकरचे संरक्षण या अटींच्या नेमके बाहेर पडते, आणि तेही बरोबरच आहे. किक मारणाऱ्याला धडक देण्याचा प्रसंग रेषेमागेच घडतो, त्यामुळे त्याचा दंड नेहमी स्नॅपच्या जागेवरूनच लागतो. येथे दोन वेगळे फाउल आहेत. खेळाडू किकरला केवळ आदळला, त्याला जागेवरून हलवले, पण दुखापत होईल असा प्रकार नव्हता, तर ५ यार्ड. त्याला खाली पाडले, त्याच्या जमिनीवर टेकलेल्या पायावर झेप घेतली, तर रफिंग: १५ यार्ड आणि आपोआप पहिला डाऊन. या दोहोंतली रेषा सामन्याचा निकाल फिरवू शकते. के संघ आपल्या ३० वर आहे आणि १२ यार्ड मिळवायचे आहेत असे समजा. साधी धडक असेल तर चेंडू ३५ वर येईल आणि चौथा डाऊन ७ यार्डांचा होईल, म्हणजे पुन्हा पंटच. रफिंग असेल तर चेंडू ४५ वर आणि पहिला डाऊन. आणि हवे होते चारच यार्ड, तर ५ यार्डांची किरकोळ धडकसुद्धा अंतराच्या बळावर पहिला डाऊन देऊन जाते.

हा निर्णय मुख्यतः रेफरीचा असतो, आणि म्हणूनच तो सहसा किकर ज्या पायाने किक मारणार त्या बाजूला, त्याला पूर्ण दिसेल असा उभा राहतो. चेंडूचे काय झाले ते त्याने पाहायचे नसते. किक मारून पाय वर गेलेला मुलगा एका पायावर उभा आहे, त्याचे शरीर मागे कलले आहे, स्वतःला वाचवण्याचा त्याच्याकडे कोणताही उपाय नाही. त्याचा दुसरा पाय जमिनीवर येऊन तो सावरेपर्यंतचा तो क्षण म्हणजे संपूर्ण मैदानातला सर्वांत असुरक्षित क्षण. संरक्षण त्या क्षणासाठी आहे, आणि हायस्कूलच्या मुलांच्या बाबतीत मी याकडे सौम्यपणे पाहण्याच्या बाजूचा अजिबात नाही. टेकलेल्या पायावर संपर्क झाला तर माझ्या मते पाच यार्डांचा प्रश्नच उद्भवू नये.

अपवाद मात्र नीट माहीत असले पाहिजेत. बचाव करणाऱ्याने किकला हात लावला असेल आणि त्या ओघात संपर्क टाळता आला नसेल, के संघाच्याच खेळाडूने त्याला किकरवर ढकलले असेल, संपर्क हलका असेल आणि तो काही अंशी किकरच्या स्वतःच्या हालचालीमुळे झाला असेल, किंवा किक होणार याची वाजवी खात्रीच नसेल, तर फाउल नाही. हा शेवटचा अपवाद अलीकडे जास्त महत्त्वाचा झाला आहे, कारण बरेच संघ रग्बीच्या पद्धतीने पंट मारतात. मुलगा स्नॅप घेऊन एका बाजूला धावतो, तो चेंडू घेऊन पळणार की किक मारणार हे त्यालाही बहुधा शेवटच्या पावलापर्यंत ठरवायचे नसते. अशा धावत्या मुलाला पकडायला निघालेल्या बचावपटूवर किकरच्या संरक्षणाचा पूर्ण भार टाकणे न्याय्य ठरत नाही. स्नॅप करणाऱ्या मुलालाही संरक्षण आहे हे अनेकांच्या लक्षात नसते. किकच्या रचनेत तो मान खाली घालून, दोन पायांमधून मागे पाहत चेंडू पाठवतो. त्याला सावरण्याची वाजवी संधी मिळण्याआधी त्याच्यावर चालून जाणे म्हणजे १५ यार्ड आणि पहिला डाऊन. हे पाहण्याचे काम चमूतल्या ‘अम्पायर’ नावाच्या पंचाचे.

यापुढचा भाग फाउलचा नाही, तरीही दंडाशी इतका गुंतलेला आहे की तो टाळून चालत नाही. पंट पलीकडे गेल्यावर आरच्या कोणी स्पर्श करण्याआधी के संघाच्या खेळाडूने चेंडूला हात लावला, तर त्याला फर्स्ट टचिंग म्हणतात. त्यावर फ्लॅग पडत नाही, बीन बॅग पडते, आणि आरला त्या जागेवर चेंडू घेण्याचा हक्क मिळतो. हा हक्क फार मोलाचा आहे. के संघाच्या मुलाने आरच्या ८ वर चेंडू थोपवण्याचा प्रयत्न केला, तो निसटला, ६ वरून आरच्या खेळाडूने उचलला, २० पर्यंत धावला आणि तेथे त्याच्या हातून सुटलेला चेंडू के संघाने मिळवला. प्रेक्षागृहात के संघाचा जल्लोष सुरू होतो, आणि त्या जल्लोषात रेफरी आरचा पहिला डाऊन दाखवतो, चेंडू आरच्या ८ वर. आरने काहीही न गमावता प्रयत्न करून पाहिला, एवढाच त्याचा अर्थ. पण दोन गोष्टी हा हक्क हिरावून घेतात. आरने चेंडूला स्पर्श केल्यानंतर स्वतः फाउल केला, तर हक्क गेला. त्या डाऊनमधल्या कोणत्याही फाउलचा दंड स्वीकारला गेला, तरीही हक्क गेला. म्हणून वरच्या प्रसंगात धावताना आरच्या मुलाने क्लिपिंग (पाठीमागून कमरेखाली धडक) केले असते, तर के संघ दंड नाकारून २० वरचा चेंडू ठेवून घेईल. आणि त्याच डाऊनमध्ये के संघाचा होल्डिंगचा फाउल असेल, तर आरच्या प्रशिक्षकाला दंड आणि ८ वरची जागा यांपैकी एकच निवडता येते. दोन्ही हवे असे प्रत्येक प्रशिक्षकाला वाटते, आणि ते समजण्यासारखे आहे, पण नियम तसे देत नाही.

आरच्या खेळाडूला के संघाच्या खेळाडूने ढकलल्यामुळे त्याचा चेंडूला स्पर्श झाला, तर तो स्पर्श झालाच नाही असे मानायचे असते. हे पाहायला एकच डोळा पुरत नाही. ढकलणे आणि चेंडू या दोहोंच्या मध्ये नजर ठेवायला कधी कधी दोन पंचांची जोड लागते.

झेल घेणाऱ्याला चेंडूपर्यंत विनाअडथळा पोहोचू देणे हे के संघाचे कर्तव्य आहे, मग त्याने फेअर कॅचची, म्हणजे ‘झेलून पुढे धावणार नाही, मला हात लावू नका’ अशी खूण केलेली असो वा नसो. पुष्कळांचा समज असा असतो की हात वर केला नाही म्हणजे त्याला वाटेत अडवता येते. तसे नाही. चेंडू हवेत असताना त्याच्या मार्गात येणे, त्याला वळसा घालायला लावणे हाही अडथळाच आहे. प्रत्यक्ष धक्का लागायलाच हवा असे नाही. दंड १५ यार्डांचा, आणि त्याबरोबर आरला फेअर कॅच मिळाल्याचे मानून पुढे जाण्याचाही पर्याय असतो. खुणेच्या बाबतीत मी मुलांना सामन्यापूर्वी हमखास सांगतो की हात पूर्ण ताणून डोक्यावर धरा आणि आडवा हलवा. अर्धवट वर केलेला, खांद्यापाशीच फडफडलेला हात ही अवैध खूण ठरते आणि ५ यार्ड जातात. खूण करणाऱ्याने किक संपेपर्यंत कोणाला ब्लॉक करायचे नसते, आणि झेलल्यावर चेंडू घेऊन पुढे धावायचे नसते. फेअर कॅचनंतर आरला स्नॅपऐवजी फ्री किक निवडता येते आणि त्या किकवर फील्ड गोलही होऊ शकतो, हा नियम क्वचितच वापरात येतो, पण अर्ध संपायला काही सेकंद उरले असताना एखाद्या जाणत्या प्रशिक्षकाने तो मागितला तर रेफरीला बावरून चालत नाही.

फ्री किकचे फाउल सोपे आहेत. किकऑफ के संघाच्या ४० वरून होतो, आणि किकरशिवाय कोणी आधीच रेषा ओलांडली तर शिट्टी वाजवून खेळ तेथेच थांबवायचा, ५ यार्ड. कॉलेजचे सामने पाहणाऱ्यांना हे खटकते, कारण तेथे खेळ पुढे चालू राहतो. २०१७ पासून पॉप-अप किकवरही बंदी आहे, म्हणजे चेंडू मुद्दाम जमिनीवर आदळून उंच उडवायचा, जेणेकरून तो थेट टीवरून (चेंडू ठेवायच्या छोट्या आधारावरून) मारल्यासारखा हवेत जाईल. या बंदीचे कारण विचार करण्याजोगे आहे. चेंडू जमिनीला लागला की झेलणाऱ्याचे फेअर कॅचचे संरक्षण संपते, आणि पॉप-अप किकमुळे चेंडू हवेत असताना वर पाहत उभ्या असलेल्या मुलावर धावत येणारे खेळाडू बेधडक आदळू शकत. तो डाव हुशारीचा होता, पण त्याची किंमत एका मुलाच्या शरीराने मोजावी लागत होती.

किकऑफ कोणाच्याही स्पर्शाशिवाय बाजूच्या रेषेबाहेर गेला तर आरपुढे चार पर्याय असतात: ५ यार्ड मागून पुन्हा किक, चेंडू बाहेर गेला त्या जागेपासून ५ यार्ड पुढे, किकच्या जागेपासून २५ यार्ड पुढे, किंवा दंड नाकारून बाहेर गेला तेथेच. चेंडू आरच्या १८ वर बाहेर गेला तर उत्तर सरळ आहे. २५ यार्डांचा पर्याय आरला स्वतःच्या ३५ वर नेतो. पण आखूड किक आरच्या ४५ वरच बाहेर गेली असेल, तर सवयीने ३५ घेणारा संघ पंधरा यार्ड गमावतो, कारण ५ यार्ड जोडले की तो ५० वर जाणार असतो. म्हणून कर्णधार किंवा प्रशिक्षक काही म्हणण्याआधी रेफरीने प्रत्येक पर्यायातली चेंडूची जागा यार्ड रेषेसह सांगावी, असे माझे ठाम मत आहे.

के संघाच्या फाउलविषयी २०१८ चा बदल मला अलीकडच्या वर्षांतला सर्वांत चांगला बदल वाटतो. पूर्वी के संघाने पंटवर होल्डिंग केले, तर आरला दोनच मार्ग होते: दंड घेऊन पुन्हा पंट मारायला लावणे किंवा दंड सोडून देणे. ४० पर्यंत उत्तम धाव घेतलेल्या संघाला दंड सोडून द्यावा लागे, म्हणजे फाउल करणारा सुटून जाई; आणि दंड घेतला तर सर्वांत वेगवान आणि सर्वांत धोकादायक टकरींची खेळी मुलांना पुन्हा खेळावी लागे. आता पुढचा चेंडू के संघाचा नसेल, तर आर त्या दंडाचे यार्ड डाऊन जेथे संपला तेथे जोडून घेऊ शकतो. धाव ४० वर संपली असेल तर चेंडू ५० वर, टचबॅक असेल तर २० ऐवजी ३० वर. झेल घेण्यात आणलेला अडथळा यातून वगळला आहे, कारण त्याचे पर्याय स्वतंत्र आहेत. पुन्हा होणारी किक कमी करणे हा उद्देश होता.

फील्ड गोलच्या बाबतीत टीव्हीवरचे व्यावसायिक सामने पाहून आलेल्या पालकांना सर्वांत जास्त आश्चर्य वाटते. हायस्कूलमध्ये चुकलेला फील्ड गोल आरची गोलरेषा ओलांडून गेला की तो टचबॅक, चेंडू आरच्या २० वर. किक कोठून मारली होती त्याचा संबंध नाही. पंट किंवा किकऑफही गोलरेषेचे प्रतल ओलांडताच मृत होतो, तेथून कोणालाही तो घेऊन धावता येत नाही. आखूड पडलेला फील्ड गोल मात्र साध्या पंटसारखाच जिवंत असतो, आणि ट्रायची किक यशस्वी होणार नाही हे दिसताच ती मृत होते.

आणखी एका गुंतागुंतीच्या प्रसंगाविषयी लिहिले नाही तर हा विषय अपुरा राहील. पुन्हा पंटचेच उदाहरण घेतो. के संघाचा गनर कोणी न ढकलता स्वतःच्या इच्छेने बाजूच्या रेषेबाहेर गेला आणि वळसा घालून आत आला; हा बेकायदा सहभाग, १५ यार्ड. त्याच वेळी, चेंडू हवेत असताना, आरच्या मुलाने दुसऱ्या गनरला धरून ठेवले. दोन्ही बाजूंचे फ्लॅग पडले की दंड एकमेकांना छेद देतात आणि डाऊन पुन्हा खेळला जातो, अशी सर्वसाधारण समजूत आहे आणि बहुतेक खेळींत ती बरोबरही असते. येथे मात्र आरचा फाउल पोस्ट स्क्रिमेज किकच्या सर्व अटींत बसतो, म्हणून आरला आणखी एक वाट मोकळी आहे: के संघाचा दंड नाकारायचा, आपला दंड किक संपल्याच्या जागेवरून भोगायचा आणि चेंडू आपल्याकडे ठेवायचा. झेल २५ वर झाला असेल तर त्यांचा चेंडू १५ वर येईल. नाहीतर पुन्हा पंट. पहिली किक उत्तम बसली होती की वाईट, वारा कोणत्या बाजूचा आहे, के संघाच्या किकरचा पाय दमला आहे का, हे सारे मनात घेऊन निवड प्रशिक्षकाने करायची असते. रेफरीने त्याच्यासमोर जाऊन दोन्ही वाटांवरची चेंडूची नेमकी जागा आणि डाऊन सांगायचा, उत्तर मिळाल्यावर ते पुन्हा एकदा वदवून घ्यायचे, आणि मगच घोषणा करायला मैदानाच्या मध्याकडे वळायचे. तोपर्यंत मी माझ्या बीन बॅगपाशी उभा असतो, कारण प्रशिक्षकाने काहीही निवडले तरी १५ यार्ड रेषा कोठून मोजली हे विचारण्यासाठी कोणीतरी माझ्याकडेच येणार असते.